जागेची पट्टी आणि घराची पट्टी

ज्या कराला आपण घरपट्टी म्हणतो, किंवा आमच्याकडच्या बोलण्यात 'घरटॅक्स', त्याच्या नावातच घर आहे, जागा नाही. वास्तविक कोणतेही घर अधांतरी उभे राहत नाही. ज्या जमिनीवर ते उभे असते ती एक वस्तू. आणि माती, विटा, कवेलू, सिमेंट, लोखंड व माणसाचे श्रम घालून त्या जमिनीवर जे उभारले जाते ती दुसरी वस्तू. या दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या असल्या तरी त्यांचा स्वभाव एक नाही. मग दोघींवर कराचा दर एकच का असावा? वर्गात रिकार्डोचा खंडसिद्धांत शिकत असताना हा प्रश्न माझ्या मनात आला. पुस्तकातील सिद्धांत आपल्या गावाच्या रस्त्यावर उभा करून पाहावा, म्हणजे तो खरा कळतो, असे म्हणतात. म्हणून मोहाडीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्याचा हा प्रयत्न आहे.

हा विषय रुक्ष आहे, हे मान्य करावयास हवे. करावर कविता होत नाही. परंतु गावातील नाली, नळ, रस्ता आणि दिवा यांचा खर्च ज्या थोड्या उत्पन्नांतून भागतो, त्यांत घरपट्टीचे स्थान मोठे आहे. आणि ती कोणाकडून किती घ्यावी, हा प्रश्न शेवटी न्यायाचाच आहे.

दोन वस्तू, दोन स्वभाव

जमीन कोणी निर्माण केलेली नाही आणि मागणी वाढली म्हणून ती वाढतही नाही. भाताला भाव आला तर शेतकरी आणखी एका बांधीत रोवणी करील. कोशाच्या कापडाला गिऱ्हाईक वाढले तर आंधळगावचा विणकर दिवसाला दोन तास जास्त मागावर बसेल. पण मोहाडीच्या चौकालगतच्या जागेला कितीही भाव आला तरी चौक लांब होत नाही. ती जागा जेवढी होती तेवढीच राहते. वाढते ती केवळ तिची किंमत.

ही किंमत वाढवतो कोण? जागेचा मालक नव्हे. भंडारा-तुमसर रस्त्याच्या कडेची जागा आतल्या गल्लीतील तेवढ्याच जागेपेक्षा महाग असते ती रस्त्यामुळे, आणि रस्ता सरकारने बांधला. तहसील कचेरी, शाळा, एस.टी.चा थांबा, दवाखाना, चौंडेश्वरी देवीच्या दर्शनाला येणारी माणसे, आठवडी बाजाराची वर्दळ ही सर्व मिळून जागेला मोल देतात. आमच्याच तालुक्यातील वरठीचे उदाहरण पाहा. भंडारा शहराचे रेल्वे स्थानक भंडाऱ्यात नसून वरठीला आहे आणि त्याचे नाव 'भंडारा रोड' आहे. मुंबई-हावडा मार्गावरील हे स्थानक तेथे नसते, तर स्थानकाजवळच्या जागेला आज जो भाव येतो तो आला असता काय? मालकाने त्यासाठी एक वीटही रचलेली नसते. थोडक्यात, जागेची किंमत ही गावाची कमाई असते आणि ती मालकाच्या नावावर जमा होते.

घराची गोष्ट निराळी आहे. घर आपोआप होत नाही. कुडाच्या भिंती काढून विटांच्या उभारणे, कवेलू उतरवून स्लॅब टाकणे, संडास-न्हाणीघर बांधणे, वर एक खोली काढणे, या प्रत्येक गोष्टीमागे कोणाची तरी बचत, कोणाचे तरी कर्ज आणि कोणाचा तरी घाम असतो. त्यावर कर वाढला तर माणूस घर बांधण्याचे पुढे ढकलतो किंवा लहान बांधतो. जमिनीवर कर वाढला म्हणून जमीन मात्र आक्रसत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अ‍ॅडम स्मिथने घरभाड्याचे दोन भाग पाडले: एक इमारतीचे भाडे आणि दुसरे जागेचे भाडे. पैकी जागेचे भाडे हा करासाठी अधिक योग्य विषय आहे, असा त्याचा निर्वाळा होता. रिकार्डोने खंडाची उपपत्ती लावली. पुढे अमेरिकेतील हेन्री जॉर्ज याने १८७९ मध्ये 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ लिहून, इतर सर्व कर काढून टाकावेत आणि केवळ जमिनीच्या मूल्यावरच कर ठेवावा, अशी मागणी केली. मुक्त बाजारपेठेचा कट्टर पुरस्कर्ता मिल्टन फ्रीडमन यानेसुद्धा सर्व करांत कमीत कमी वाईट म्हणून याच कराकडे बोट दाखविले. उजवे आणि डावे एकाच मुद्द्यावर सहमत होण्याचे असे प्रसंग अर्थशास्त्रात थोडेच आहेत.

आमच्या भागाला तर जागा आणि घर यांतील भेद नवा वाटण्याचे कारण नाही. जुन्या मध्यप्रांतात मालगुजारी होती. गावाच्या आबादीची जमीन मालगुजाराच्या मालकीची आणि तिच्यावरचे घर राहणाऱ्याचे, अशी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पण 'जागा कोणाची आणि घर कोणाचे' असे दोन वेगळे प्रश्न विचारण्याची सवय जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आढळते. कराच्या कागदाने मात्र या दोन प्रश्नांची गाठ मारून टाकली.

आज कर कसा बसतो

मोहाडीला आता नगर पंचायत आहे. तिला १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम लागू होतो. या कायद्याखाली जमीन आणि इमारत मिळून एक एकत्रित मालमत्ता कर बसतो. त्याची जुनी आणि रूढ रीत वार्षिक भाड्याची आहे. ही मालमत्ता भाड्याने दिली तर वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज बांधावयाचा. त्यातून दुरुस्तीदाखल शेकडा १० वजा करावयाचे. उरेल ते करयोग्य मूल्य. आणि त्यावर ठरलेल्या टक्केवारीने कर.

ही रीत वरवर निर्दोष दिसते. परंतु तिचा कल कोणीकडे आहे ते पाहा. चांगल्या बांधलेल्या घराला चांगले भाडे येईल, म्हणून त्याचा कर जास्त. मोक्याच्या ठिकाणी गवत वाढलेल्या मोकळ्या प्लॉटला भाडेकरू कोण मिळणार? म्हणून त्याचे भाडेमूल्य नाममात्र आणि करही नाममात्र. त्या प्लॉटची विक्रीची किंमत दर वर्षी वाढत असली तरी भाड्याच्या मापाला ती दिसतच नाही. जो बांधतो तो भरतो आणि जो थांबतो तो वाचतो.

भोवतालच्या खेड्यांत ग्रामपंचायतीचा कर असतो. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ प्रमाणे तो इमारतींवर आणि शेतसारा न लागणाऱ्या जमिनींवर बसतो. धानाच्या बांध्या त्यातून वगळल्या आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण 'जमिनीवर कर' म्हटले की शेतकऱ्याच्या छातीत धस्स होते. येथे प्रश्न शेताचा नसून गावठाणातील व ले-आऊटमधील घरजागेचा आहे. ग्रामपंचायतींची आकारणी २०१५ पासून भांडवली मूल्यावर आली. तिचे सूत्र मोठे उद्बोधक आहे. इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर ही एक रक्कम. इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा ही दुसरी रक्कम. दोहोंची बेरीज करून वापराप्रमाणे भारांक लावावयाचा. म्हणजे कागदावर जागा आणि घर यांची किंमत वेगवेगळी काढलेली आहे! परंतु पुढच्याच ओळीत दोन्ही रकमा एका मोटेत बांधल्या जातात आणि घर मातीचे आहे की स्लॅबचे आहे यावरून ठरलेला एकच दर साऱ्या मोटेला लागतो. मोकळ्या जागेसाठी निराळा दर आहे. पण बांधलेल्या जागेत जमिनीचा भाग वेगळा उरत नाही. घर सुधारले की नमुना ८ मध्ये त्याचा वर्ग बदलतो आणि वाढीव दर घराबरोबर जमिनीच्या भागालाही लागतो.

माझा मुद्दा एवढाच आहे की, ही मोट सोडावी. मोजणी दोन्हींची करावी. पण जमिनीला चढा दर आणि इमारतीला उतरता दर ठेवावा. अशा कराला आपण दुहेरी दराचा मालमत्ता कर म्हणू.

एक लहानसा हिशेब

कल्पनेतील तीन शेजारी घेऊ. तिघांचे प्लॉट एकाच रस्त्यावर, सारख्याच मापाचे, प्रत्येकी ४ लाख रुपये किमतीचे. पहिल्याचा प्लॉट मोकळा पडला आहे. भाव आला की विकावयाचा आहे. दुसऱ्याने १० लाख रुपयांचे पक्के घर बांधले आहे. तिसरे एका विधवा आजींचे जुने कवेलूचे घर, किंमत २ लाख. तिन्ही जागांची किंमत १२ लाख आणि दोन्ही घरांचीही १२ लाख; एकूण २४ लाख. गावाला या तिघांकडून वर्षाला ४,८०० रुपये हवे आहेत असे समजू.

एकच दर ठेवला तर हजारी २ रुपये पडतात. मोकळ्या प्लॉटवाला ८०० रुपये भरतो, पक्क्या घराचा मालक २,८०० आणि आजी १,२००.

आता दर वेगळे करू. जमिनीला हजारी ३ रुपये आणि इमारतीला हजारी १ रुपया. मोकळ्या प्लॉटवाला १,२०० भरील. पक्क्या घराचा मालक जागेचे १,२०० आणि घराचे १,००० असे २,२०० भरील. आजींना जागेचे १,२०० आणि घराचे २०० मिळून १,४०० भरावे लागतील. बेरीज तीच, ४,८००. गावाच्या तिजोरीत एक पैसाही कमी-जास्त झाला नाही. ओझे मात्र सरकले.

पुढची पायरी याहून महत्त्वाची आहे. पक्क्या घराच्या मालकाने ५ लाख खर्चून वरचा मजला काढला असे समजा. एकाच दराच्या पद्धतीत त्याचा कर वर्षाला १,००० रुपयांनी वाढेल; दुहेरी पद्धतीत ५०० रुपयांनी. बांधकाम करणाऱ्याला होणारा दंड निम्म्यावर आला. उलट मोकळ्या प्लॉटवाल्याला दर वर्षी दीडपट रक्कम मोजावी लागत असल्यामुळे 'विकावे की बांधावे' याचा विचार त्याला लवकर करावा लागेल. गावाच्या मधोमध जागा अडून राहिल्या की नवी वस्ती दूर जाते. आणि वस्ती दूर गेली की नळ, नाली आणि विजेचे खांब तिच्यामागे लांब न्यावे लागतात. तो खर्च पुन्हा सर्वांच्याच माथी बसतो.

भाडेकरूंचाही येथे विचार करावयास हवा. घरावरील कराने बांधकाम कमी झाले तर काही वर्षांनी भाड्याच्या खोल्यांची टंचाई होते आणि कराचा भार भाड्याच्या रूपाने भाडेकरूवर येतो. जागेवरील कराचे तसे नाही. जागेचा पुरवठा ठरलेलाच असल्यामुळे मालकाला तो भार सहजासहजी पुढे ढकलता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी खोली घेऊन शिकणाऱ्या मुला-मुलींना हा मुद्दा लांबचा वाटू नये.

परंतु वाचकांच्या लक्षात आले असेलच की, या हिशेबात आजींचा कर २०० रुपयांनी वाढला. ही गोष्ट मी मुद्दाम झाकून ठेवलेली नाही. या योजनेची खरी कसोटी तेथेच आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी ज्यांनी हा प्रयोग केला त्यांच्याकडे पाहू.

पिट्सबर्गचा धडा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर आहे. १९१३ च्या कायद्याने तेथे इमारतींवरील दर पायरीपायरीने उतरवीत १९२५ पर्यंत जमिनीच्या दराच्या निम्म्यावर आणण्यात आला. नंतर पोलादाच्या धंद्याला उतरती कळा लागली, शहराला पैशांची चणचण भासू लागली, तेव्हा १९७९-८० मध्ये नगरपालिकेने वाढीव बोजा इमारतींवर न टाकता जमिनीवर टाकला आणि जमिनीचा दर इमारतीच्या दराच्या पाच पटींहून अधिक झाला. पुढील दशकात आसपासच्या अनेक शहरांत बांधकाम घटत असताना पिट्सबर्गमधील बांधकाम-परवान्यांचे वार्षिक मूल्य त्यापूर्वीच्या दोन दशकांच्या तुलनेने सुमारे शेकडा ७० वाढले, असे ओट्स आणि श्वाब या दोन अर्थशास्त्रज्ञांना १९९७ च्या अभ्यासात आढळले. मात्र हे सारे कराच्या किमयेने झाले असे त्यांनी म्हटले नाही. त्या काळी शहरात कार्यालयांच्या जागेला मोठी मागणी होती. कराचे काम एवढेच की, बांधकामाच्या आड न येता शहराला पैसा मिळाला. हा निष्कर्ष संयमी आहे आणि म्हणूनच मला तो अधिक विश्वसनीय वाटतो.

मग २००१ मध्ये पिट्सबर्गने ही पद्धत सोडली का? कारण तेथील मूल्यमापन अनेक वर्षे नीट झालेले नव्हते. नवे मूल्यमापन एकदम झाले, अनेक घरमालकांच्या जागांच्या किमती कागदावर एकाएकी चढल्या, चढ्या दराने त्यांना गुणल्यावर बिले फुगली आणि लोक खवळले. पद्धत बुडाली ती मोजमापाच्या आळसापायी.

त्याच राज्यातील आल्टूना या लहान नगराने त्याहून पुढे जाऊन २०११ पर्यंत इमारतींवरील नगराचा कर संपूर्ण काढून टाकला. पण २०१६ मध्ये तेही जुन्या पद्धतीकडे परतले. तेथे एकूण मालमत्ता करात नगराचा वाटा लहान होता. शाळांचा आणि परगण्याचा कर जुन्याच रीतीने चालू होता. तेव्हा सुधारणेचा परिणाम कोणाच्या नजरेत भरेना. उलटपक्षी, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात स्थानिक कर इमारत न मोजता जमिनीच्या मूल्यावरच बसतो आणि ही रीत तेथे शंभराहून अधिक वर्षे मुरलेली आहे. यावरून एवढे खचित म्हणता येईल की, योजना अशक्य नाही. पण ती अर्धवट राबविली किंवा मोजमाप झोपू दिले तर टिकत नाही.

आपल्याकडील अनुभव

मोजमापाचा हा धडा महाराष्ट्राने पिट्सबर्गच्या आधी घेतला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? पेशवाई गेल्यावर पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ ते १८३० च्या दरम्यान जमीन महसुलाची आकारणी केली. इंग्लंडमधील ज्या हेलीबरी महाविद्यालयात कंपनीचे अधिकारी तयार होत, तेथे माल्थस अर्थशास्त्र शिकवीत असे. प्रिंगल तेथूनच आला होता. त्याने खंडाचा सिद्धांत जसाच्या तसा दख्खनच्या शेतात उतरविला. खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे. सिद्धांत बिनचूक, पण शेतोशेतीचे निव्वळ उत्पन्न मोजणारी यंत्रणा कच्ची आणि खालचे कामगार भ्रष्ट. आकडे चुकले, सारा झेपेना, इंदापूरसारख्या भागात रयत जमिनी टाकून जाऊ लागली. अखेर १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरातून नव्याने मोजणी सुरू करावी लागली. जमिनीवर कर बसविणाऱ्या प्रत्येकाने ही कथा वाचावी असे मला वाटते.

नगरपालिकांच्या क्षेत्रातही दोन निकाल मार्गदर्शक आहेत. जुन्या मुंबई राज्यातील १९२५ च्या कायद्याखाली अहमदाबाद नगरपालिकेने मोकळ्या जमिनींवर त्यांच्या भांडवली किमतीच्या शेकडा १ या दराने पट्टी बसविली होती. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण असे की, त्या कायद्यात जो शब्द वापरला होता त्याचा अर्थ वार्षिक मूल्यावरील पट्टी असाच होतो. भांडवली किमतीवर ती बसविता येत नाही. म्हणजे हेतू अडला नाही, कायद्यातील शब्द अडला. विधिमंडळाने स्पष्ट कायदा केला तर वाट मोकळी आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत 'जमिनी आणि इमारती यांवरील कर' ही नोंद ४९ व्या क्रमांकावर आहे. आणि तिच्याच आधारावर केवळ शहरी जमिनीवर कर बसविणारा मद्रासचा १९६६ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये वैध ठरविला.

दुसरा निकाल मुंबईचा. मुंबई महानगरपालिकेने २०१० पासून भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्यावर कर आकारण्यास सुरुवात केली. त्या नियमांत मोकळ्या जमिनीचे मूल्य, तिच्यावर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे धरून काढण्याची तरतूद होती. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे नियम अवैध ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम केला. जमीन आज आहे तशी मोजावी, उद्याच्या स्वप्नावर कर लावू नये, असा त्याचा आशय. सिद्धांताच्या भोक्त्यांना हे रुचणार नाही, कारण त्यांच्या मते जमिनीची किंमत म्हणजे तिचा उत्तमोत्तम उपयोग. परंतु ज्या माणसाच्या हातात बांधकामाचा परवाना नाही आणि गाठीला पैसा नाही, त्याच्याकडून न बांधलेल्या मजल्यांचा कर मागणे न्यायाचे होणार नाही, असे मला वाटते.

आजींचे काय?

आता त्या २०० रुपयांकडे येऊ. गावाच्या मध्यभागी मोठी जागा आणि तिच्यावर पडके घर असणारा माणूस श्रीमंतच असतो असे नाही. पुष्कळदा ती वडिलोपार्जित जागा असते, मुले नागपूरला किंवा पुण्याला असतात आणि घरात एक म्हातारे माणूस असते. त्याच्या जागेचा भाव वाढला म्हणून त्याच्या हंडीतला भात वाढत नाही. दुहेरी दराच्या पुरस्कर्त्यांनी या हरकतीला 'मग जागा विकावी' असे उत्तर दिले, तर ते उत्तर हिशेबात बरोबर आणि माणुसकीत चूक होईल.

यावर दोन उपाय सुचतात. पहिला असा की, राहत्या घराखालील ठराविक क्षेत्रापर्यंतच्या जागेला उतरता दर ठेवावा आणि चढा दर त्यापलीकडच्या व मोकळ्या जागेला लावावा. दुसरा असा की, वृद्ध आणि एकट्या मालकांना वाढीव कर दर वर्षी न भरता जागेवर बोजा म्हणून नोंदविण्याची मुभा असावी. जागा विकली जाईल किंवा वारसांकडे जाईल तेव्हा तो वसूल व्हावा. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वृद्ध घरमालकांना कर असा पुढे ढकलता येतो. गावाचे पैसे बुडत नाहीत आणि आजींची झोपही मोडत नाही. जागेची वाढलेली किंमत ज्यांच्या हातात रोख पडेल, त्यांच्याकडून गावाने आपला वाटा मागावा, हे सरळ आहे.

मोहाडीने काय करावे

नगर पंचायतीला कायद्याबाहेर जाता येणार नाही. दुहेरी दर हवे असतील तर विधिमंडळाला १९६५ च्या अधिनियमात बदल करावा लागेल. तोपर्यंत हात जोडून बसावे असे मात्र नाही.

पहिली गोष्ट, कराच्या बिलावर जागा आणि इमारत यांचे मूल्य दोन वेगळ्या रकान्यांत छापावे. कर एकच राहिला तरी आपण कशासाठी किती भरतो हे लोकांना कळेल. मुद्रांक विभागाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यांत, ज्याला सर्वजण रेडी रेकनर म्हणतात, जमिनीचे दर आणि बांधकामाचे दर स्वतंत्र दिलेले असतात. तेव्हा त्यासाठी नवे खाते उघडण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट, मोजणी. जुन्या आबादीत कोणाची जागा कोठवर, हे पुष्कळ ठिकाणी शेजाऱ्यांच्या आठवणीवर चालते. खेड्यांतील गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके देण्याची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. जागेची हद्द कागदावर पक्की झाल्याशिवाय जागेच्या कराची भाषा बोलणे म्हणजे प्रिंगलच्या वाटेने जाणे होय.

तिसरी गोष्ट, बदल सावकाश व्हावा. पिट्सबर्गने पहिल्या खेपेस बारा वर्षे घेतली होती. ज्याने प्लॉट आजच्या कराचा अंदाज धरून घेतला त्यालाही सावरण्यास वेळ मिळावयास हवा. आणि मूल्यमापन ठराविक वर्षांनी न चुकता व्हावे. ते साचू दिले की पुढे बांध फुटतो.

येथे आपणा विद्यार्थ्यांनाही काही करता येण्याजोगे आहे. अर्थशास्त्राच्या दहा-बारा विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली एका प्रभागातील मोकळे प्लॉट, कवेलूची घरे आणि स्लॅबची घरे मोजावीत, दर तक्त्यावरून जागेची व बांधकामाची किंमत मांडावी आणि वर दिलेला तीन शेजाऱ्यांचा हिशेब खऱ्या आकड्यांनी करून पाहावा. कोणाचा कर घटतो, कोणाचा वाढतो आणि वाढणाऱ्यांत आजी किती आणि भाव येण्याची वाट पाहणारे किती, हे त्यातून समजेल. उत्तर माझ्या मताविरुद्ध गेले तरी चालेल. नगर पंचायतीच्या सभेत मांडता येईल असा एक खरा तक्ता आपल्या गावाजवळ असेल, आणि पुढच्या वर्षीच्या अंकात तो छापताही येईल.